दुसऱ्याचं पाहावं वाकून

चार दिवसांची रजा टाकली. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले. सोफ्यासाठी साठवलेले पैसे मोडून मॅक्रो लेन्स घेतली. रात्रभर गाडी हाकून भर पावसाळ्यात आंबोली गाठली. आणि तिथे जाऊन बघितलं काय? धबधबा? छे. हिरण्यकेशीचं देऊळ? तिकडे तर पाठच. बघितलं ते रस्त्याकडेचं डबकं आणि त्या डबक्यावर भिरभिरणारं हेलिकॉप्टर! तेच हो, ज्याच्या शेपटीला दोरा बांधून आपण अख्खी सुट्टी घालवायचो. तेव्हा दोऱ्याचं टोक आपल्या हातात असायचं. आता कोण कुणाला नाचवतंय, हे चिखलात पोटावर आडव्या झालेल्या त्या सुशिक्षित मंडळींकडे बघितलं की कळतं.

काय म्हणावं या लोकांना? पूर्वी माणसं सुट्टीत महाबळेश्वरला जायची, स्ट्रॉबेरी खायची, घोड्यावर बसून फोटो काढायची आणि नवराबायकोत अबोला धरून परत यायची. सरळ, सभ्य सुट्टी. आता विचारावं, "यंदा कुठे?" तर उत्तर येतं, "चतुर बघायला." आणि वर मखलाशी, "टाचण्याही दिसतील." टाचण्या! हे ऐकून जोशीकाकू भाबडेपणाने म्हणाल्या, "अहो, मग तुळशीबागेत जा की, पाकीटभर मिळतील." त्यावर समोरच्याने त्यांच्याकडे अशा करुणेने पाहिलं की काकूंना आपण आजवर वाया घालवलेलं आयुष्य दिसलं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या पायात गमबूट. जांभळे.

ही जमात ओळखायची कशी? सोपं आहे. यांच्यासमोर नुसतं 'हेलिकॉप्टर' म्हणून बघा. कुणाच्या घरी जाऊन पुरणपोळीला पराठा म्हटल्यासारखा चेहरा होतो. मग शिकवणी सुरू. बसताना पंख आडवे पसरतो तो चतुर, अंगाने बलदंड. पंख पाठीवर मिटून बसते ती टाचणी, काडीसारखी. तुम्ही मान डोलावता. मग हळूच सांगतात, पंख अर्धवट उघडे ठेवून बसणाऱ्याही काही टाचण्याच असतात. म्हणजे झालं ना पुन्हा शून्य? या सगळ्यांचं घराणं एक, ओडोनाटा. जगात सहा हजारांवर जाती, एकट्या पश्चिम घाटात दोनशेच्या आसपास. दोनशे! आपल्याला साड्यांचे रंग बारा सांगता येत नाहीत आणि इथे कालचा शिकाऊ लांबूनच ओरडतो, "अरे, फॉरेस्ट ग्लोरी! नर!" नर कसा ओळखला, हे विचारायची सोय नाही. विचारलंत तर तो सांगेल. सविस्तर सांगेल. जेवताना सांगेल.

बाटलेल्यांची यादी काढायला बसलं तर पंचांगाची पानं पुरायची नाहीत. आमच्या गटातले एक गृहस्थ मूळचे वाघवाले. ताडोबाला इतक्या खेपा की जिप्सीचा ड्रायव्हर त्यांच्या मुलीच्या लग्नाला आला होता. आता वाघाचं नाव काढलं की नाक मुरडतात. "वाघ? झोपलेला असतो हो. उठला तरी त्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात. आमचा चतुर बघा, शंभरात नव्वदांहून जास्त शिकारी जागेवर!" 'आमचा' चतुर! जणू यांनीच क्लास लावून त्याला तयार केलाय. पण गोष्ट खरी आहे, आणि तीच तर बोचते. भक्ष्य कुठे पोहोचणार याचा अंदाज बांधून हा पठ्ठ्या आधीच तिथे हजर होतो. चारही पंख वेगवेगळे हलवतो. एकेका डोळ्यात तीस हजारांपर्यंत भिंगं. आपल्याकडे भिंग एक, तेही हप्त्यावर.

दुसऱ्या एक वहिनी. पक्षीनिरीक्षणातून इकडे आल्या आणि का आल्या हे शपथेवर सांगायला तयार नाहीत. पण आपण काय दुधखुळे आहोत? पक्षीवाल्यांना पहाटे साडेपाचला झाडाखाली उभं राहावं लागतं. थंडी, जांभया, आणि ग्रुप लीडरची ती कुजबुजती दमदाटी. चतुराचं तसं नाही. अंगात ऊब आल्याशिवाय तो उडत नाही, आणि ऊन चढल्याशिवाय अंगात ऊब येत नाही. म्हणजे नऊच्या आधी कशाला उठा? होमस्टेच्या ओसरीवर पोहे, मग चहा, मग 'थोडंसं ऊन येऊ दे' म्हणत दुसरा चहा, मग घावणे. निसर्गप्रेम आणि आळस यांचा असा मणिकांचनयोग दुसऱ्या कुठल्या छंदात आहे, सांगा बरं? ज्या दिवशी ही गोष्ट फुटली, त्या दिवसापासून पक्षीवाल्यांच्या गोटाला गळती लागली.

अडचण एकच. चतुर बघायचे ते पावसाळ्यात आणि त्याच्या शेपटाला, आणि चतुराला हवं ऊन. आता आंबोलीत जुलै महिन्यात ऊन मागायचं म्हणजे काय, हे सावंतवाडीच्या कुणालाही विचारा. बारा माणसं बारा छत्र्यांखाली आभाळाकडे डोळे लावून उभी. शेतकरी पाऊस पडावा म्हणून देव पाण्यात ठेवतो, ही मंडळी तो थांबावा म्हणून. आणि ढगाला फट पडली की काय ती पळापळ! वीस मिनिटांच्या त्या उन्हात छत्र्या चिखलात, चपला ओहोळात, बँकेतून निवृत्त झालेले काका कमरेइतक्या पाण्यात. पोटरीला जळू लागली आहे, फुगून करवंदाएवढी झाली आहे, पण काका हलायला तयार नाहीत. का? तर समोरच्या काडीवर रिव्हर हेलिओडोर बसलाय आणि हललं तर उडेल. ज्यांनी उभ्या नोकरीत कर्जदाराला एक दिवसाची मुदत दिली नाही, ते जळवेला म्हणतायत, "घे बाई, घे. फक्त हलवू नकोस."

हे सगळं एक वेळ सोडून देऊ. हौसेला मोल नसतं. पण ही चांगल्या घरातली माणसं तिथे बघतात काय, ते कळलं तर तुमचे कान लाल होतील. सांगायला लाज वाटते. म्हणून जरा जवळ या.

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण आपण शेजाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. या मंडळींनी ती अक्षरशः अमलात आणली. डबक्याशी वाकून ती पाहतात तो चतुरांचा संसार. आणि संसार तरी कसला! नराच्या शेपटीच्या टोकाला चिमटे असतात, त्यांनी तो मादीला पकडतो. चतुर डोकं धरतो, टाचणीचा नर मानेमागचा भाग. मग मादी पोट वाकवून त्याच्या पोटापाशी आणते आणि दोघांची मिळून चक्क बदामाची आकृती होते. हो, पत्त्यातल्या बदामाची! हवेत उडता उडता! प्री-वेडिंगवाल्यांना पवना धरणावर लाख रुपये ओतून जे साधत नाही, ते हे दोघं गटाराच्या काठावर फुकटात करतात. आणि भोवती बारा मॅक्रो लेन्सा. खटखट, खटखट. "वहिनी, जरा डावीकडे सरका, बदाम पूर्ण येत नाहीये." शोभतं का हे?

पुढचं तर याहून भारी. मादीचा आधी कुणाशी संबंध आला असेल तर त्या गड्याचं बीज हा दुसरा नर आधी खरवडून बाहेर काढतो आणि मगच आपलं मागे ठेवतो. जोनाथन वागे नावाच्या शास्त्रज्ञाने १९७९ साली टाचण्यांच्या एका जातीत हे दाखवून दिलं आणि प्राणिशास्त्रात एकच खळबळ उडाली. त्यानंतरही नराला चैन नाही. मादी अंडी घालते तेव्हा काही जातींत तो तिची मान धरूनच बसतो, काहींत डोक्यावर पहारा देत घिरट्या घालतो. आपल्या मालिकांमधल्या संशयी नवऱ्यांना उगाच नावं ठेवतो आपण. आणि बाई तरी काय कमी? स्वित्झर्लंडच्या आल्प्समधल्या एका जातीची मादी, नको असलेला नर मागे लागला की हवेतून दगडासारखी खाली कोसळते आणि गवतात मेल्याचं सोंग घेऊन पडून राहते. तो गेला की उठते, पंख झटकते आणि आपल्या वाटेला लागते. २०१७ साली ही बातमी छापून आली तेव्हा आमच्या गटातल्या समस्त महिलावर्गाने ती एकमेकींना धाडली. खाली एक शब्द नाही. नुसते टाळ्यांचे हात.

बरं, फोटो काढला, संपलं, असंही नाही. फोटो काढल्यावर ओळख पटवायची असते. रात्री जेवणं झाली की गट मोबाइलभोवती बसतो. पूर्वी कोकणात अशा वेळी भुताच्या गोष्टी व्हायच्या. आता कुणीतरी तज्ज्ञ गंभीर आवाजात विचारतो, "शेपटीचं टोक घेतलंय का? बाजूनं? वरून?" कारण दिसायला जुळी भावंडं असलेल्या कित्येक जाती त्या टोकाच्या चिमट्यांच्या आकारावरूनच वेगळ्या कळतात. तोंड कितीही देखणं येऊ दे, त्याला कुणी विचारत नाही. मग काय, दोन मुलांचे बाप, सोसायटीचे सेक्रेटरी, एका किड्याच्या बुडाचा फोटो दोन बोटांनी ताणून ताणून मोठा करतायत आणि हळहळतायत, "अरेरे, फोकस जरा पुढे गेला." त्याच वेळी घरून फोन येतो, "काय करताय?" काय सांगणार बिचारे?

सगळ्यात मोठी आग लावली आहे ती मात्र नव्या जातींनी. उगाच नाही लोक पिसाटले. २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून टाचणीची एक नवी जात जगापुढे आली. २०२० मध्ये चतुराची एक जात आली, तिचं नावच कोंकणेन्सिस. २०२१ मध्ये साताऱ्याच्या ठोसेघरची टाचणी, नाव ठोसेघरेन्सिस. गोव्याने तर २०१३ सालीच आपला गोमंतकेन्सिस नोंदवून टाकला होता, गोवेकर नेहमीप्रमाणे आधी जेवून मोकळे. आता सांगा, ठोसेघरचा धबधबा आपण किती वेळा पाहिला? कणसं खाल्ली, कठड्याला टेकून फोटो काढले, ओरडलो, घरी आलो. आणि विज्ञानाला अनोळखी जीव तिथेच कुठेतरी काडीवर बसून आपल्याकडे बघत होता! हे कळल्यापासून प्रत्येकाला वाटतं, पुढचा आपलाच. मागच्या पावसाळ्यात एकाने धावत येऊन नवी जात सापडल्याची दवंडी पिटली. अंगावर नाजूक पांढरी भुकटी, पूर्वी कुणी न पाहिलेली. तज्ज्ञांनी चष्मा पुसला, पाहिलं आणि म्हणाले, "ग्राउंड स्किमर. नर वयात आला की अशी राख चढते त्यांना. तुमच्या पार्किंगमध्येही असतील." तीन दिवस तो गृहस्थ सोलकढीसुद्धा बेताने प्यायला.

पार्किंगवरून आठवलं. तुकतुकीत गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर चतुर शेपटी आपटताना पाहिलेत कधी? चकाकणारा पत्रा त्याला पाणी वाटतो आणि मादी त्यावर अंडी घालायला बघते. नाव चतुर, आणि अक्कल ही! हे समजल्यावर आमच्या एका मित्राने गाडीला दर रविवारी पॉलिश करायचा सपाटा लावला. बायकोला वाटलं, माणूस सुधारला.

आता कुणी म्हणेल, हे वेड आपल्याच नशिबी. मुळीच नाही. लेफ्टनंट कर्नल फ्रेझर नावाचे लष्करी डॉक्टर गोऱ्या साहेबाच्या काळात हिंदुस्थानभर चतुरांमागे हिंडले आणि १९३३ ते १९३६ मध्ये तीन जाडजूड खंड लिहून मोकळे झाले. आजही वाद पेटला की "फ्रेझर काय म्हणतो?" असं विचारतात, जसं आपल्याकडे "दाते काय म्हणतात?" इंग्लंडात १९८३ पासून चतुरांची रीतसर सोसायटी आहे. केंब्रिजला मुलाकडे गेलेल्या आमच्या आत्या कॉलेजं बघायची सोडून विकन फेनच्या दलदलीत दोन दिवस उभ्या होत्या. जपानी लोक तर फारच पुढे. शिमांतोला त्यांनी चतुरांसाठी अख्खी बाग राखून ठेवली आहे. हा कीटक कधी मागे हटत नाही, म्हणून सामुराई त्याला शिरस्त्राणावर मिरवायचे. प्रत्यक्षात चतुर खुशाल मागेही उडतो. पण हे त्या तलवारवाल्याला सांगणार कोण?

खरं सांगू? या सगळ्यांत मला भुरळ पडली ती एका अगदीच सामान्य, पिवळट, कुणी ढुंकून न पाहणाऱ्या चतुराची. वॉन्डरिंग ग्लायडर. पाऊस ओसरायला लागला की मैदानावर, गच्चीवर, क्रिकेट चालू असलेल्या पोरांच्या डोक्यावर शेकड्यांनी तरंगत असतो ना, तोच. चार्ल्स अँडरसन नावाचे एक सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहायचे. दर ऑक्टोबरात हे चतुर तिथे लाखांनी उतरताना त्यांनी पाहिले. बेटांवर गोडं पाणी नावाला, मग हे आले कुठून? २००९ मध्ये त्यांनी मांडलं की ही मंडळी हिंदुस्थानातून निघतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात. जाऊन येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, तेही चार पिढ्यांत. म्हणजे निघते ती पणजी आणि परत येते ती पणती. ना व्हिसा, ना लाडवांचा डबा. आणि आपण? आपल्याला पनवेलला गाडी बदलायची म्हटलं तरी घशाला कोरड.

तर अशी ही धुळवड. आपण मात्र यातले नाही, हं! आपण आपले लांबून हसतोय. पण जरा तो मोबाइल दाखवा बघू. लपवू नका. ती कुंडीतल्या काडीवर बसलेली लाल पुसटशी रेघ काय आहे? आणि त्याच रेघेचे सतरा फोटो कशाला? परवा नाल्याच्या पुलावर थांबून खाली काय बघत होतात? डिच ज्वेलच ना? नावातच गटार असलेला, घाण पाण्याला न विटणारा तो नारिंगी नवरदेव? नाकाला रुमाल लावून बघत होतात, आम्ही पाहिलंय. कसं पाहिलं म्हणता? आम्हीही समोरच्या कठड्याला टेकलो होतो.

माझ्या गच्चीवर कमळाचा एक टब आहे. कमळ मेलं त्याला दोन वर्षं झाली. टब का ठेवलाय, हे घरच्यांनी विचारायचं सोडून दिलं आहे. त्यात चतुराचं एक पिल्लू आहे, म्हणजे अळी. मातकट, चपटं, मारक्या म्हशीसारखं बघणारं. आईच्या रूपाचा लवलेश नाही. पाण्यात राहतं, मागच्या बाजूने पाणी आत ओढतं, श्वास घेतं आणि घाई असेल तर तेच पाणी जोरात मागे सोडून बाणासारखं पुढे जातं. जबडा घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की खटकन बाहेर, पकडलं, आत. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

मागच्या आठवड्यात डेंग्यूच्या तपासणीला पालिकेचा माणूस आला. हातात बॅटरी, कानाला पेन, कपाळावर आठ्या. "टब ओता," म्हणाला. मी हात जोडले. म्हटलं, साहेब, आधी बघून तरी घ्या, डासाची एक अळी दाखवा, आत्ता ओततो. त्याने बॅटरी मारली. पाणी नितळ. डासाची एकही नाही, त्या भस्म्याने सगळ्या खाऊन टाकलेल्या. "मग हे काय?" त्याने विचारलं आणि वाकला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. खालून त्याचा जोडीदार हाका मारायला लागला. मीच शेवटी म्हटलं, "साहेब, बी विंग राहिलीय ना अजून?"

"थांबा हो," तो मान वर न करता म्हणाला. "परत जबडा काढतोय तो."